धोका आमचा, धडा त्यांचा

शेतकऱ्यानं बहुराष्ट्रीय कंपन्यांकडून शिकावं, हा सल्ला आता नाशिक जिल्ह्यातल्या कळवणपर्यंत पोचला आहे. शेतकरी मेळावा असो, उत्पादक कंपनीचं प्रशिक्षण असो की कर्जवाटपाआधीचं मार्गदर्शन, तो कुठेही ऐकू येतो. सांगणारी माणसं शिकलेली असतात आणि बहुतेकदा त्यांचा हेतूही चांगला असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जग अस्थिर झालं आहे. तंत्रज्ञान बघता बघता बदलतं, युद्धं पेटतात, समुद्रातले मार्ग बंद पडतात, देश एकमेकांचा माल अडवतात. तरीही मोठ्या कंपन्या उभ्या राहतात आणि नवं काही बाजारात आणत राहतात. कारण त्या चपळ असतात, एका पुरवठादारावर विसंबत नाहीत, संकटातही संधी शोधतात आणि संशोधनावर पैसा लावतात. शेतकरी मात्र तेच पीक आणि तीच बाजार समिती धरून बसतो. त्यानं कंपन्यांचा कित्ता गिरवावा.

मला हे म्हणणं मान्य नाही. कंपन्या नावीन्य जपतात हे खोटं नाही. पण ते कशाच्या बळावर जपतात, हे या सल्ल्यात सांगितलंच जात नाही. चपळाई, विभागणी, संधी आणि संशोधन हे चारही गुण खरे, पण प्रत्येक गुणामागे एक हक्क उभा आहे. नियम बदलण्याआधी सूचना मिळण्याचा, साठा करून थांबण्याचा, वाढलेला खर्च पुढच्यावर लावण्याचा, आणि तोट्याचा धंदा विकून बाहेर पडण्याचा. हे हक्क कळवणच्या कांदा उत्पादकाकडे नाहीत. हक्क बाजूला ठेवून नुसते गुण शिकवले, की आपल्या तोट्याला आपलाच अडाणीपणा कारण आहे असं शेतकऱ्याला वाटू लागतं. या सल्ल्याचा खरा अपाय हाच आहे.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदाधातूंच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटारीत ही चुंबकं लागतात. पुण्याच्या बजाज ऑटोला त्याची झळ बसली; ऑगस्टमध्ये ‘चेतक’चं उत्पादन अडलं, आणि त्याच महिन्यात पर्यायी व्यवस्था लावून कंपनीनं पुरवठा पुन्हा सुरू केला. इंजिनिअर, पैसा आणि ओळखी एकत्र आल्या तर अडचणीतून वाट निघते, याचं हे उत्तम उदाहरण आहे. अशा कामाचं कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. पण कारखाना थांबला तर सुटे भाग गोदामात पडून राहतात. टोमॅटो सेटिंगला आला की तो कुणासाठी थांबत नाही. कंपन्यांचा धडा शेतीला लावताना पहिली चूक होते ती इथे.

आता चपळाई घेऊ. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉशचा कारखाना आहे. डिझेल इंजिनाला लागणारे नोझल आणि इंजेक्टर तिथं बनतात. डिझेलच्या धुरावरचे नियम कडक झाले की या कारखान्याचं तंत्रच बदलावं लागतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की देश बीएस-४ वरून बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जाईल आणि तारीख असेल १ एप्रिल २०२०. म्हणजे उद्योगाला चार वर्षांहून अधिक मुदत मिळाली. चार वर्षांत नवी यंत्रं येतात, चाचण्या होतात, माणसं तयार होतात. मुदत अपुरी आहे अशी ओरड तेव्हाही झाली आणि त्यात तथ्य असेलही. पण मुदत होती, तारीख होती आणि ती आधी कळली होती. वाहन उद्योगानं जे बदल पेलले ते या मुदतीच्या आधारानं.

कांद्याच्या बाबतीत काय घडलं ते याच्या शेजारी ठेवून पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेही त्याच दिवसापासून. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आला. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ डिसेंबरपासून निर्यात बंद. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क लागलं. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान दर गेला आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क संपलं. वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम फिरले.

हे आकडे शेतात उतरवून पाहू. कळवण तालुक्यात उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात. सात-आठ आठवड्यांनी रोप लागवडीला येतं. डिसेंबर-जानेवारीत बाया वाफ्यावाफ्यात बसून एकेक रोप लावतात. मार्चच्या शेवटापासून काढणी सुरू होते ती मे महिन्यापर्यंत चालते. पात कापून, वाळवून, गोल्टी आणि जोड कांदा वेगळा काढून चांगला माल चाळीत जातो. मग पावसाळाभर चाळीची राखण. कुठं सड लागली, कुठं मोड आले, हे वासावरून ओळखायचं आणि तो भाग उपसून काढायचा. पाच-सहा महिन्यांत वजनातली घट, सड आणि मोड मिळून चौथा हिस्सा जातो, साल वाईट असेल तर त्याहून जास्त. उळं टाकल्यापासून शेवटची ट्रॉली लिलावाला उभी राहीपर्यंत जवळजवळ वर्ष जातं.

ज्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये उळं टाकलं, त्यानं टाकताना ४० टक्के शुल्काचा हिशेब धरला होता. रोप वाफ्यात असतानाच किमान दर आला. लागवडीची मजुरी देत होता तेव्हा निर्यातच बंद झाली. काढणी सरत आली तेव्हा बंदी उठली, पण शुल्क लागलं. चाळ रिकामी होत आली तेव्हा शुल्क निम्मं झालं. या माणसानं नेमकं कधी चपळ व्हायचं होतं? लावलेलं रोप उपटून दुसरं लावायचं होतं, की चाळीतला कांदा परत जमिनीत घालायचा होता? डिसेंबरच्या त्या अधिसूचनेत सवलतही होती. ज्यांचा माल जहाजावर चढायला लागला होता किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्यांना तो पाठवता आला. शेतात उभ्या असलेल्या मालासाठी कसलीही सवलत नव्हती. बंदी येताच चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले. भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आले.

यावर मला सांगितलं जाईल की हा सरकारचा निर्णय होता, यात बहुराष्ट्रीय कंपन्यांचा काय संबंध? संबंध असा की नियम कधी आणि कसा बदलायचा, या चर्चेत मोठ्या उद्योगाला खुर्ची असते. त्याच्या संघटना दिल्लीत असतात, मसुदे त्यांच्यापर्यंत पोचतात, त्यांच्या हरकती लिहून घेतल्या जातात. कांदा उत्पादकाची हरकत रस्त्यावर बसल्याशिवाय ऐकली जात नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत गेले. त्यात कळवण-सुरगाण्याचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीहून पायी निघावं लागलं, तेव्हा भाव पडलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान मिळालं. एका बाजूला चार वर्षांची मुदत आणि दुसऱ्या बाजूला पायपीट. ही तफावत दोघांच्या स्वभावातली नाही, व्यवस्थेतली आहे.

शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हेही मी मानतो. मजुराच्या ताटात कांदा असतो आणि त्याचा भाव दुप्पट झाला तर घरखर्च कोलमडतो. पण ग्राहकाला जपायचं असेल तर त्याची किंमत सरकारच्या तिजोरीतून जायला हवी. सुगीत रास्त भावानं खरेदी करून साठा ठेवावा आणि टंचाईत तो बाजारात सोडावा, हा मार्ग सरकारला ठाऊक आहे. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत अशी खरेदी होतेही. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यावर बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, तेव्हा क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर झाली होती. आधी दार बंद करायचं आणि ओरड झाल्यावर खरेदीला उतरायचं, हा क्रम उलटा आहे.

दुसरा गुण विभागणीचा. ‘चीन अधिक एक’ हे सूत्र अलीकडे सगळीकडे ऐकू येतं. कारखाना चीनमध्ये असेल तर दुसरा भारतात किंवा व्हिएतनाममध्ये उभा करा, म्हणजे एक देश रुसला तरी काम चालू राहील. मोठी कंपनी हे करू शकते. पण तिच्या मालावर अवलंबून असणाऱ्यापर्यंत ही सुरक्षितता पोचते का?

कळवणच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर विद्राव्य खतांच्या २५ किलोच्या पिशव्या दिसतात. बारा-एकसष्ट-शून्य, शून्य-बावन्न-चौतीस, तेरा-शून्य-पंचेचाळीस. गावातल्या शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. ठिबकवरच्या टोमॅटोला, मिरचीला, डाळिंबाला मुळी सुटावी म्हणून बारा-एकसष्ट सोडतात. फुलोऱ्याला आणि फळ फुगवायला शून्य-बावन्न-चौतीस. पहिलं मोनो अमोनियम फॉस्फेट, दुसरं मोनो पोटॅशियम फॉस्फेट. आपल्याकडे येणारी विद्राव्य खतं मुख्यतः चीनमधून येतात. युरियाला सरकारनं ठरवलेला भाव आहे. या पिशव्यांना तसा आधार नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चीननं खतांच्या निर्यातीवर तपासणीची अट घातली आणि फॉस्फेटयुक्त खतांचा पुरवठा आखडला. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताकडे येणारी विद्राव्य खतं अडली. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले तेव्हा खतं, दुर्मीळ मृदाधातू आणि बोगदे खोदणारी यंत्रं यांवरची अडवणूक सैल करण्याचं आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. सीमेवरचा तणाव आणि दोन राजधान्यांमधली बोलणी गिरणा खोऱ्यातल्या ठिबकच्या नळीपर्यंत येतात त्या अशा.

यात तंत्रज्ञानाचाही हात आहे. चीनमध्ये विजेच्या गाड्यांसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या प्रचंड प्रमाणावर बनू लागल्या. त्यांना लागणारं शुद्ध फॉस्फेट ज्या पदार्थांपासून मिळतं, त्यांतला एक म्हणजे औद्योगिक प्रतीचं मोनो अमोनियम फॉस्फेट. आपण ज्याला बारा-एकसष्ट म्हणतो त्याचाच तो सख्खा भाऊ. म्हणजे बॅटरीचा कारखाना आणि कळवणचा टोमॅटो एकाच खनिजासाठी रांगेत उभे आहेत. बॅटरीवाल्याकडे दीर्घ मुदतीचे करार आहेत, खाणींमध्ये भागीदारी आहे. शेतकऱ्याकडे दुकानदाराचा शब्द आहे. आणि दुकानदार सांगतो, “दादा, पुढची गाडी कधी येईल ते वरच्यांनाच माहीत नाही. आहे त्या दोन पिशव्या घेऊन जा.” भाव विचारायची सोय उरत नाही, कारण फुलोरा आठवडाभर थांबणार नसतो.

खत कंपन्यांनी या काळात काय केलं? युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपात वायूचा भाव भडकला, तेव्हा नॉर्वेच्या यारानं ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपातलं अमोनियाचं उत्पादन क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर आणलं. कंपनीच्या दृष्टीनं निर्णय शहाणपणाचा होता; तोट्यात माल का काढायचा? मी त्यांना दोष देत नाही. माझं म्हणणं एवढंच की ‘उत्पादन कमी करा, दुसऱ्या देशातून माल आणा, भाव वाढवा’ हे तीन पर्याय ज्याच्या हातात आहेत, त्यानंच विभागणीच्या गोष्टी सांगाव्यात. तीन एकरांत अर्धा एकर टोमॅटो, एक एकर कांदा, थोडा मका आणि थोडा भाजीपाला अशी विभागणी आमचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या करतो. त्याला ती शिकवावी लागत नाही. तिचा उपयोग होत नाही, कारण कांद्याचं दार सरकार बंद करतं आणि टोमॅटोचं खत परदेशात अडतं.

तिसरा गुण संकटातली संधी. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी अशा मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जहाजं नेली. शेजारच्या दिंडोरी-निफाडची द्राक्षं नेमकी तेव्हा निघायच्या तयारीत होती. युरोपची वाट दहा-पंधरा दिवसांनी लांबली आणि कंटेनरचं भाडं भडकलं. द्राक्ष घडावर असतं तोवर जिवंत असतं. काढल्यावर त्याचे दिवस मोजलेले. देठ सुकला, मणी सैल झाले की तिकडचा खरेदीदार भाव पाडतो, आणि अनेक सौद्यांत अंतिम हिशेब माल तिकडे पोचल्यावरच होतो. वळसा जहाजानं घातला, पण त्या वळशात खराब झालेल्या मालाचा तोटा बागाईतदाराच्या पट्टीत उतरला.

आणि जहाज कंपनीचं काय झालं? मर्स्कचा परिचालन नफा २०२३ मध्ये ३.९ अब्ज डॉलर होता, तो २०२४ मध्ये ६.५ अब्ज डॉलर झाला. वळशामुळे जहाजं जास्त दिवस अडकली, बाजारात जागा कमी पडली, भाडं वाढलं; वर्षभरात कंपनीनं नफ्याचा अंदाज एकापेक्षा जास्त वेळा वाढवला. खलाशांचा जीव धोक्यात न घालणं बरोबरच होतं. पण याला संकटातलं नावीन्य म्हणता येणार नाही. वाढलेला खर्च दुसऱ्याकडून वसूल करता येण्याची ताकद एवढंच त्याचं नाव. भाडं वाढलं तर ते द्राक्षाच्या भावातून कापायचं, ही सोय बाजारानं एकालाच दिली आहे.

चौथा गुण सर्वांत वजनदार: संशोधन. बायरसारखी कंपनी शेतीच्या संशोधनावर दर वर्षी दोन अब्ज युरोंहून अधिक खर्च करते. आपल्या कुठल्याही कृषी विद्यापीठाला ते स्वप्नातही शक्य नाही. संकरित टोमॅटोचं बी, नेमक्या किडीवर चालणारी औषधं यांतलं बरंच त्या प्रयोगशाळांतून आलं आणि आम्ही ते वापरलं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या कंपन्या नावीन्य कसं सांभाळतात, तेही पाहावं. चीनच्या केमचायनानं २०१७ मध्ये ४३ अब्ज डॉलरना सिंजेंटा विकत घेतली. त्याच वर्षी डाऊ आणि ड्यूपाँट एकत्र आल्या आणि २०१९ मध्ये त्यांतून कॉर्टेव्हा निघाली. २०१८ मध्ये बायरनं ६३ अब्ज डॉलरच्या व्यवहारात मोन्सँटो घेतली. बियाणं आणि औषधं यांचा जगातला मोठा हिस्सा अशा मूठभर घरांत गेला. पुढे देशांचं राजकारण त्यांच्याही दारात आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यानं सिंजेंटाच्या उपकंपनीला १६० एकर जमीन विकून टाकायला सांगितलं, कारण मालक चिनी. उद्या अशा भांडणात एखादं वाण एखाद्या देशाला मिळेनासं झालं, तर कळवणच्या शेतकऱ्यानं कुणाकडे दाद मागायची?

मग कळवणचा कांदा कुणाच्या संशोधनावर उभा आहे? चाळीत पाच-सहा महिने टिकणारं एन-२-४-१ हे वाण पिंपळगाव बसवंतच्या सरकारी संशोधन केंद्रातलं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं भीमा शक्ती, भीमा किरण दिले. नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठानानं ॲग्रीफाऊंडची वाणं दिली. आणि गावोगावचे शेतकरी दर वर्षी चाळीतला एकसारखा, पातळ मानेचा, गडद रंगाचा कांदा निवडून त्याचे डेंगळे लावतात आणि घरचं बी धरतात. ही निवड हेही संशोधनच आहे. त्याचं पेटंट नाही आणि वार्षिक अहवालही नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

डाळिंबाचंही तेच. गणेश हे वाण पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये निवडलं. भगवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. द्राक्षात तास-ए-गणेश तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांच्या बागेतून पुढे आलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिलं. ही बागाईतदार माणसं होती. वेलीवर एक फांदी वेगळी दिसली, ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपली आणि वाढवली. कसमाद्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा बागाच्या बागा उपटल्या गेल्या. कित्येकांनी डाळिंब सोडलं. ज्यांनी पुन्हा धरलं त्यांनी बहार बदलून पाहिला, ताण देण्याची वेळ बदलली, छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक करायची सवय लावून घेतली. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. ही सगळी धडपड कर्जाचे हप्ते भरत झाली. आमच्याकडे नावीन्य नाही, असं म्हणणाऱ्यानं हे पाहावं.

नवं तंत्र फसतं तेव्हा किंमत कोण मोजतं, हा प्रश्न राहतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सीसीसी’च्या, अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडली. ते रसायन दुकानात उघड विकलं जात होतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. युरोपची मर्यादा मात्र होती. विकणारा सुटला, तपासणारा सुटला आणि बागाईतदार बुडाला. कंपनीचं उत्पादन फसलं तर तिच्या ताळेबंदात ती रक्कम एक ओळ होते. शेतकऱ्याचा हंगाम फसला तर त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो.

आपल्याच भागातल्या एका कंपनीची गोष्ट या सल्लागारांनी अवश्य वाचावी. जळगावच्या जैन इरिगेशननं ठिबक सिंचन खानदेशात आणि नाशिकच्या पट्ट्यात रुजवलं. भवरलाल जैन यांच्या या कंपनीनं २००७ मध्ये इस्रायलच्या नानदानमध्ये निम्मी भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये उरलेलीही. मराठी मुलखातून निघालेली ही खरीखुरी बहुराष्ट्रीय कंपनी. तिच्याकडे संशोधन होतं, देशोदेशी कारखाने होते, विभागणी होती. तरी सरकारी अनुदानाची येणी थकली, कर्ज साचलं आणि २०१९ मध्ये ती अडचणीत आली. २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय सिंगापूरच्या टेमासेकच्या रिव्हुलिसमध्ये विलीन करून तिनं कर्जाचा भार हलका केला. चारही गुण असलेली एवढी मोठी कंपनी येणी थकल्यावर डगमगली, आणि सावरली ती व्यवसायाचा एक हिस्सा देऊन. शेतकऱ्यानं हिस्सा द्यायचा म्हणजे जमीनच द्यायची. मग ‘गुण अंगी बाणवा’ एवढ्यानं त्याचं कसं भागणार?

कंपन्या नकोत, असा निष्कर्ष कुणी काढू नये. मला त्या हव्या आहेत, बरोबरीच्या अटींवर. ही बरोबरी कशी येते याचं उदाहरण कळवणपासून लांब नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी उभारलेली ही उत्पादक कंपनी. पेटंट असलेली आरा जातीची द्राक्षवाणं तिनं रीतसर परवान्यानं आणली. एकट्या बागाईतदाराला परदेशी वाणाच्या मालकानं दारातही उभं केलं नसतं. हजारोंच्या वतीनं बोलणाऱ्याशी त्याला करार करावा लागला. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये लावले. शीतगृह, प्रतवारी, प्रक्रिया आणि निर्यात एका छताखाली आल्यानं एक बाजार बंद पडला तर माल दुसरीकडे वळवता येतो. कंपन्यांच्या ज्या गुणांची एवढी वाखाणणी होते, ते शेतकऱ्यांकडे आले ते हक्क एकत्र केल्यावर, व्याख्यान ऐकल्यावर नाही.

म्हणून कळवणच्या बाजूनं मागण्या स्पष्ट हव्यात. कांद्याच्या निर्यातीचा नियम उळं टाकण्याआधी जाहीर व्हावा आणि ते पीक चाळीतून बाहेर पडेपर्यंत बदलू नये. बदलावाच लागला तर शेतातल्या आणि चाळीतल्या मालाची भरपाई त्याच अधिसूचनेत असावी. विद्राव्य खतांचा राखीव साठा सरकारनं ठेवावा आणि देशात त्यांचं उत्पादन उभं करायला पैसा द्यावा, कारण बॅटरीच्या शर्यतीत फॉस्फेटची ओढ वाढतच जाणार आहे. बी, औषध किंवा करार शेतीतून आलेलं नवं तंत्र फसलं, तर तोट्याचा वाटा विकणाऱ्याकडेही जाईल असं कलम करारात मराठीत लिहिलेलं असावं. राहुरी, पिंपळगाव, राजगुरुनगर, सोलापूर इथल्या रिकाम्या जागा भराव्यात आणि निधी वाढवावा. कारण उद्या एखाद्या परदेशी कंपनीनं वाण अडवलं, तर आपल्या हातात तेवढंच उरणार आहे. आणि कळवण, अभोण्याच्या कांदा उत्पादकांनी स्वतःची साठवण आणि स्वतःची विक्री उभी करायला आता उशीर करू नये. ही शेवटची मागणी आपल्या आपल्याशीच आहे.

सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कळवणला याल तेव्हा चपळाईच्या आधी मुदतीवर बोला, विभागणीच्या आधी साठ्यावर बोला, आणि संधीच्या आधी तोटा कुणी सोसायचा यावर बोला. जी मुदत वाहन उद्योगाला मिळाली ती कांद्याला मिळू द्या. एवढं झालं, तर नावीन्य कसं सांभाळायचं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज पडणार नाही.